पाचव्या मजल्यावरून आईला उतरवताना

सोमवार, ३ फेब्रुवारी

मी डायरी लिहिणारा माणूस नाही. शाळेत पीटी शिकवतो, माझं लिहिणं हजेरीपुरतं. पण आजपासून लिहिणार आहे. पुढेमागे सोसायटीविरुद्ध तक्रार करायची वेळ आली तर कोण कधी काय बोललं ते कागदावर असलेलं बरं.

तर आज सकाळी लिफ्ट बंद. तपासणीवाला येऊन तिला सील ठोकून गेला. सेक्रेटरी म्हणाले, "पार्ट बाहेरून यायचाय, सर. वेळ लागेल." किती, असं विचारलं तर त्यांनी वर छताकडे बघितलं, जणू पार्ट तिथूनच पडणार आहे.

आम्ही पाचव्या मजल्यावर. आईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिला एक मजलासुद्धा उतरवत नाही. बायको म्हणाली, "हॉस्पिटलमधून स्ट्रेचरवाले मिळतात का बघू या." म्हटलं, घरात एवढा धडधाकट मुलगा असताना? आईला पाठीवर घेतलं आणि नेलं खाली. संध्याकाळी तसंच वर आणलं. दोन्ही वेळा कुठे टेकलो नाही. दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी भेटले तेव्हा मुद्दाम शीळ घातली.

वर आल्यावर आई म्हणाली, "तुझ्या मानेवर तीळ आहे. मला माहीतच नव्हतं." मग झोपली. डायलिसिस झालं की ती दमते, फार बोलत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ताईचा फोन. "छोट्या, आईला माझ्याकडे पाठव. तळमजल्याचं घर आहे, हॉस्पिटल गल्लीच्या टोकाला." पन्नाशी उलटली तरी मी छोट्याच. म्हटलं, लिफ्ट बंद पडली आहे, मी नाही. ती म्हणाली, "आईला विचारलंस का?" म्हटलं, त्यात विचारायचं काय.

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणत होती?" म्हटलं, विशेष काही नाही. आई हसली. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेली बाई ती. तिला एका बाजूच्या फोनवरून दुसरी बाजू कळते. पण पुढे काही बोलली नाही, म्हणजे तिला माझं पटलं असणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एक अडचण आहे. आई डाव्या हाताने नीट धरत नाही. तो हात सैल सोडून बाजूला ठेवते, मग सगळा भार उजवीकडे येतो आणि वळणावर माझा तोल जातो. त्या हातात डायलिसिससाठी नस जोडून घेतली आहे, सुया तिथेच टोचतात, म्हणून ती जपते. आज मी तो हात पुढे ओढला आणि मनगटाच्या वर घट्ट धरून ठेवला. खाली पोचेपर्यंत सोडला नाही. फरक लगेच जाणवला. "दुखेल रे," म्हणाली. म्हटलं, पडलीस तर सगळंच दुखेल.

डायलिसिसच्या नर्सला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. आज म्हणाली, "आजी, हातावर हे वळ कसले?" आई म्हणाली, "झोपेत हात अंगाखाली आला."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आता रुळलोय. शाळेत मोठी पोरं विचारतात, सर, वजन उचलता का. मांड्या आणि पोटऱ्या दिवसभर लाकडासारख्या असतात, सकाळी पलंगावरून उतरताना पहिली काही पावलं टाचेवर टाकावी लागतात. बायको म्हणते दाखवून ये. कशाला? नवीन मेहनत आहे, स्नायू तयार होतोय. मी आयुष्यभर पोरांना हेच सांगत आलोय. दुखतंय म्हणजे काम होतंय.

चौथ्या मजल्यावर दोघे भाऊ राहतात, कुरिअरच्या गोदामात कामाला असतात. आज जिन्यात आडवे आले. मोठा म्हणाला, "काका, आजींना खुर्चीत बसवून आम्ही दोघं नेत जाऊ. आमचं रोजचंच काम आहे." आईला विचारलं तर ती म्हणाली, "ह्याला विचारा." मी सांगितलं की आईला परक्या हातांची सवय नाही. आई माझ्या पाठीवर होती, तिचा चेहरा मला दिसला नाही, पण तिनं काही हरकत घेतली नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

नवीन खूळ. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात, सगळी बिल्डिंग त्यांना मशीनबाई म्हणते. जाताना गाडी यायला अवकाश असतो तेव्हा आई त्यांच्याकडे टेकते, ते ठीक. पण आता परत आल्यावरही तिला तिथे थांबायचं असतं. "पाच मिनिटं रे." त्यांच्या पुढच्या खोलीत मोठी खिडकी आहे, मापं द्यायला बायका येत-जात असतात, सगळ्यांची बडबड चालू. आईनं आज चक्क एका ब्लाउजला हुक लावून दिले. डायलिसिसहून आलेली बाई. मी पॅसेजमध्ये भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणत उभा. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. वर आल्यावर सांगितलं, तुला विश्रांतीची गरज आहे. "हो ना," म्हणाली, "खूप."

सोमवार, २४ फेब्रुवारी

सेक्रेटरींना पत्र दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही उगाच अंगावर घेताय." म्हटलं, अंगावर नाही, पाठीवर. आणि तुमचा पार्ट येईपर्यंत घेईन, तो पुढच्या वर्षी आला तरी.

आज डायलिसिसला वेळ लागला. सुई नीट लागेना म्हणे. नर्स नवी असावी.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवतो.

वर येताना तिसरा मजला ओलांडला. डावं पाऊल वरच्या पायरीवर होतं, अंग उचललं, आणि मागून कोणीतरी पोटरीवर दगड मारला. नेम धरून, जोरात. फटकन आवाजसुद्धा आला. मी वळून ओरडलो, "कोण आहे रे तिकडे?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "मागे मीच आहे."

जिना खरंच रिकामा होता. दगडही नाही.

आईला पायरीवर बसवलं. डावा पाय टेकला की डोळ्यांपुढे अंधारी. आई म्हणाली, "इथेच बसू. कोणीतरी येईल." त्या दोघा भावांचं दार अर्ध्या जिन्यावर होतं, आत टीव्ही चालू होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाही मारली. तिला परत पाठीवर घेतलं, कठड्याला धरलं, उजवा पाय वर, डावा नुसता ओढून त्याच्या शेजारी, असं करत दारापर्यंत आणलं.  आत बसवल्यावर आई माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली. म्हटलं, पेटका आहे, जाईल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलं आणि निघालो. बायको दारात आडवी उभी राहिली. "पाय बघ तुझा." पाय मी बघितला होता. पोटरी फुगलेली, घोट्यापर्यंत निळीजांभळी. म्हटलं, बाजूला हो, गाडी खाली येऊन उभी राहील.

पहिल्याच जिन्यावर पाय दुमडला. मी मागे बसत होतो, म्हणजे आईवरच बसलो असतो, पण कसाबसा कुशीवर वळलो. तिला लागलं नाही. मला कोपर सोलवटलं, त्याचं काही नाही.

बायकोनं हाक मारली आणि ते दोघे भाऊ वर धावत आले, हातात खुर्ची घेऊनच. म्हणजे ती दाराशी तयार ठेवली होती, तेही माझ्या परस्पर. आई म्हणाली, "थांबा, मला केस विंचरू द्या." आणि खरोखर विंचरले. मग बसली आणि निघाली. मी पायरीवर बसून ऐकत होतो. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी दार उघडत होतं, आई त्यांच्याशी बोलत होती, आणि खालपर्यंत तिच्या हसण्याचा आवाज येत होता. घाबरली असणार. काही माणसं घाबरली की हसतात.

शनिवार, १ मार्च

हाडांच्या डॉक्टरांकडे नेलंच बायकोनं. त्यांनी पोटरी दाबली, पाऊल वर-खाली करून बघितलं, माझ्या तोंडाकडे बघत. मी चेहरा हलू दिला नाही. म्हणाले, "आधी शिरेत रक्ताची गुठळी नाही ना ते बघू, तशीच सूज असते. मग स्नायूचं."

सोनोग्राफीच्या खोलीत पालथं झोपवलं. पोटरीवर गार चिकट जेल, त्यावर ते यंत्राचं तोंड टेकवून दाबत दाबत गुडघ्याकडे नेलं. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शीर मोकळी आहे. गुठळी नाही." मी म्हटलं, मी सांगतच होतो. त्या म्हणाल्या, "थांबा. हा काळा पट्टा दिसतोय? दोन स्नायूंच्या मध्ये रक्त साठलंय. वरचा स्नायू खालच्या टोकाशी फाटलाय. काय उचलत होता?"

"काही नाही," मी म्हटलं.

"सासूबाईंना," बायको म्हणाली. "पाच मजले."

बाईंनी यंत्र बाजूला ठेवलं आणि टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मांड्याही दुखतात का, असं विचारलं. बायकोनंच उत्तर दिलं. नेमकं किती फाटलंय आणि टाचेची कंडरा शाबूत आहे का ते कळायला हवं म्हणून दोन्ही पायांचा एमआरआय करायला सांगितलाय.

मंगळवार, ४ मार्च

एमआरआय. अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवायला लावलं. पाय आत, डोकं बाहेर. हातात एक रबरी फुगा दिला, भीती वाटली तर दाबा म्हणे. फुगा पोटावर ठेवून दिला.

टेक्निशियन काचेपलीकडून माइकवर बोलत होता. "सर, अजिबात हलायचं नाही." मी उभं आयुष्य मैदानावर पोरांना हेच सांगत आलोय, सावधान म्हणजे सावधान, नाकावर माशी बसली तरी. यंत्रात कोणीतरी पत्र्यावर हातोडा घालावा तसा आवाज सुरू झाला. मी पक्का सावधान. थोड्या वेळानं आवाज थांबला.

"सर, पाय हलला."

म्हटलं, हलला नाही.

"हलला सर. फोटो हललाय. परत घ्यावा लागेल."

दुसऱ्यांदाही हलला. पोटरी आपोआप उडत होती, मी तिला सांगत होतो आणि ती ऐकत नव्हती. शेवटी तो आत आला, पायांच्या दोन्ही बाजूंना उशा खोचल्या, वरून पट्टा बांधला. तेव्हा कुठे झालं.

नंतर त्या शनिवारच्याच डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. फळ आडवं कापावं तसे माझे दोन पाय. निरोगी स्नायू गडद राखाडी दिसतो, सूज आणि पाणी पांढरं. डाव्या पोटरीत आतल्या बाजूला पांढरा फराटा, स्नायू जिथे कंडरेच्या पडद्याला चिकटतो तिथून सुटून वर सरकलेला. कंडरा मात्र शाबूत. म्हटलं, म्हणजे फार काही नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या आणि बोट उजव्या पायावर नेलं. तिथेही पांढरं, धुकं पसरल्यासारखं. मग मांड्या. दोन्हींत तेच. "हे अजून फाटलेलं नाही. पण ताण सोसून सोसून सुजलंय. आणखी काही दिवस असंच चालू ठेवलं असतंत तर हाही पाय गेला असता, आणि बहुधा जिन्यातच."

म्हटलं, ती सूज नाही, स्नायू तयार होतोय.

"तयार होणारा स्नायू असा दिसत नाही. त्याला मध्ये विश्रांती लागते. तुम्ही त्याला ती दिलीच नाहीत." मग त्यांनी विचारलं, "एकट्यानं करायला कोणी सांगितलं होतं?"

म्हटलं, ह्यात कोणी सांगायला कशाला लागतं.

दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, टाचेखाली उंची लावायची, कुबडी घ्यायची. गोळ्यांचं पाकीट बायकोकडे. रिपोर्टवर शब्द आहेत 'अतिश्रमामुळे'. मी त्यांना म्हटलं, त्याऐवजी 'लिफ्ट बंद असल्यामुळे' लिहा, मला तक्रारीला लावायचाय. त्यांनी नाही लिहिलं.

सोमवार, १० मार्च

आई वर आली नाही.

दोघा भावांनी सकाळी खुर्चीतून नेली. संध्याकाळी बायको एकटीच आली आणि कपाटातून आईचे कपडे, औषधांची पिशवी, चष्म्याचं घर काढायला लागली. म्हणाली, "आई खालीच राहणार आहेत. मशीनबाईंकडे. पुढच्या खोलीत."

"कोणी ठरवलं?"

"आईंनी."

"कधी?"

"बरेच दिवस झाले. तू पॅसेजमध्ये पाय ताणत होतास तेव्हा."

मी कुबडी घेऊन जिन्यापर्यंत गेलो. पहिल्या पायरीवर उभा राहिलो आणि परत आलो. मग ताईला फोन लावला, म्हटलं बघ, आपल्या आईला कोण कुठली बाई. ताईलाही राग आलाय, पण भलताच. "मी दोनदा न्यायला यायला तयार होते," म्हणाली. "मला म्हणाली, तुझ्याकडे आले तर छोट्याला वाटेल तो हरला. म्हणून नको."

हरायचा प्रश्नच कुठे येतो, मला कळत नाही.

शनिवार, २२ मार्च

घरात बसून आहे. सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर आले, धापा टाकत. त्यांना बसवावं लागलं, पाणी द्यावं लागलं. त्यांचंही वय झालंय हे बसल्यावर दिसतं. म्हणाले, पार्ट आलाय, माणूस पुढच्या आठवड्यात बसवेल, हे स्वतः सांगावं म्हणून आलो. मग म्हणाले, "आई मजेत आहेत हो. माझ्या शर्टाची दोन बटणं लावून दिली त्यांनी."

माझ्या आईनं. ह्यांच्या शर्टाची.

आईला फोन केला. "हॅलो, कुठला नंबर हवाय?" एक्स्चेंजमधला आवाज काढून म्हणाली, आणि मागे बायका हसल्या. म्हटलं, खाली मच्छर असतील, आवाज असेल, तुला झोप लागत नसेल. म्हणाली, "लागते रे. तुझा पाय?" म्हटलं, पायाचं काय, एकदम ठीक. "मग तू झोपतोस का?" मी विषय बदलला.

नर्सचा निरोप आहे म्हणे, हात सुधारलाय, आता सुया पहिल्या झटक्यात लागतात. शिकली असेल एकदाची.

शनिवार, ५ एप्रिल

लिफ्ट सुरू झाली. मीच पहिला बसलो. स्वच्छ शर्ट घातला, कुबडी वरच ठेवली. बायकोला सांगितलं, आईचा पलंग आवरून ठेव.

मशीनबाईंच्या दाराला कडी नसतेच. आई खिडकीपाशी बसली होती, मांडीवर कोणाचं तरी जाकीट, पलीकडे मशीनबाई कापड कातरत होत्या. "आलास? बस. पाय खाली सोडून बसू नको." स्वतः उठली, आतून उशी आणली, माझ्यासमोर स्टुलावर ठेवली आणि माझा पाय उचलून तिच्यावर ठेवला. म्हणजे ती उठू शकते, दोन खोल्या चालू शकते. वर असताना मी तिला उठूच देत नव्हतो.

"लिफ्ट लागली," मी म्हटलं.

"हो, आवाज आला."

"मग चल."

"येईन की," आई म्हणाली. "रविवारी येते. जेवायला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, हे आपलं घर नाही."

"तुझं नाही. मी बाईंना विचारून राहतेय." मशीनबाईंनी कात्री न थांबवता मान हलवली. "वर मी औषध घेते आणि झोपते. इथे दुपारी काम असतं. सगळ्यांचे नवरे, सगळ्यांच्या सुना ऐकायला मिळतात. अजून थोडे दिवस राहू दे. मग बघू."

"लोक काय म्हणतील?"

"तेच तर ऐकतेय इथे बसून."

मी बराच भांडलो. लिफ्टवरून, औषधांवरून, आणि मी काय काय केलं त्यावरून. आईनं सगळं ऐकलं, जाकिटाचा टाका तोडला आणि डावा हात माझ्यापुढे धरला. "बोट ठेव इथे." मनगटाच्या वर, सुया टोचतात तिथे. कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तसं. "हे असं चालू असावं लागतं," ती म्हणाली. "रक्त वाहतंय त्याची खूण. मध्ये बंद पडत आलं होतं. बंद पडलं असतं तर परत ऑपरेशन, आणि ह्या वयात परत होईलच असं नाही. नर्स म्हणाली, हात दाबला जाऊ द्यायचा नाही."

"कोण दाबत होतं?" मी विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओलं केलं.

"आता कोणी नाही," म्हणाली.

मशीनबाई उठून आत गेल्या. मी बोट काढलं नाही. आईनंही हात मागे घेतला नाही, एका हातानं दोरा ओवता येईना तरी.

वर येताना लिफ्टचं दार उघडं होतं, पण जिन्यानं आलो. सेक्रेटरी म्हणाले, "सर, लिफ्ट आहे ना." म्हटलं, दिसतेय. डॉक्टरांनी जिना अजून नको सांगितलाय तेही मला माहीत आहे. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत आलो. तिसऱ्या मजल्याच्या वर बसावं लागलं. पाठीवर कोणी नव्हतं तरी.

बायको दारात होती. मी एकटाच आहे बघून बाजूला झाली. मी बसल्यावर म्हणाली, "मग आणणार कधी?"

"रविवारी. जेवायला येतेय."

"उचलून?"

म्हटलं, नाही. लिफ्टपासून दारापर्यंत चालत येईल. माझा दंड धरेल हवा तर. मी तिचा हात धरायचा नाही.

"का?" तिनं विचारलं.

सांगितलं नाही. इथे लिहिलंय तेवढं पुरे.